पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर लंडनला जाता येईल का? डिचोलीच्या तरुणाला उत्तर

डिचोलीच्या एका २७ वर्षांच्या तरुणाने विचारले आहे: आजोबांचा जन्म १९३९ चा, डिचोलीतलाच. बाबा १९६४ चे. मावसभाऊ २०१४ पासून इंग्लंडमधल्या स्विंडनला आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला. एजंट म्हणतो, साडेतीन लाख द्या, पासपोर्ट काढून सहा महिन्यांत लंडनला पाठवतो. जाता येईल का? बायको सावंतवाडीची आहे, तिला नेता येईल का? आणि लिस्बनला नुसती जन्मनोंद घातली तरी भारतीय नागरिकत्व जाते का?

मी म्हापशात २६ वर्षे हेच कागद हाताळतो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण साडेतीन लाख त्यावर अडकले आहेत.

नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला तरी आज तुम्हाला इंग्लंडमध्ये राहायला आणि काम करायला जाता येणार नाही. सहा महिन्यांपर्यंत फिरायला जाता येईल, तेही आधी ऑनलाइन परवानगी काढून. २ एप्रिल २०२५ पासून ती युरोपियन लोकांनाही लागते. कामासाठी व्हिसा लागेल, आणि तो भारतीय पासपोर्टवर ज्या अटींवर मिळतो त्याच अटींवर पोर्तुगीज पासपोर्टवर मिळतो. मालक शोधा, त्याच्याकडे परदेशी माणूस घ्यायचा परवाना हवा, पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर हवा. २२ जुलै २०२५ पासून ही मर्यादा साधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंडांची आहे आणि काम पदवीच्या पातळीचे लागते. आयटीआय करून वेर्ण्याच्या कारखान्यात फिटर असलेल्या तुमच्यासारख्या माणसाला ही वाट जवळजवळ बंदच आहे.

मग मावसभाऊ कसा गेला? तो गेला तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होते. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ ला त्या गटात आले. पुढे १ नोव्हेंबर १९९३ ला मास्त्रिख्त करार लागू झाला आणि प्रत्येक सदस्य देशाचा नागरिक आपोआप युनियनचाही नागरिक ठरला. तेव्हापासून पोर्तुगीज माणूस लंडनला जाऊन उभा राहिला की त्याला कोणी ‘का आलास’ विचारत नसे. डिचोलीचा मुलगा जसा कोणाला न विचारता पुण्याला खोली घेतो आणि नोकरी धरतो, तसेच. गोव्याची माणसे स्विंडनला आणि लंडनच्या साउथॉल-वेंबलीला गेली, दीवची लेस्टरला गेली, ती या हक्कावर. पण हा हक्क युनियनने दिलेला होता. त्या लाल पासपोर्टात तो कायमचा शिवलेला नव्हता. २३ जून २०१६ ला ब्रिटिश मतदारांनी ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचे ठरवले, ३१ जानेवारी २०२० ला ते बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री संक्रमणाची मुदत संपली. त्या रात्री ब्रिटनमध्ये ज्यांचे बिऱ्हाड होते त्यांचे हक्क टिकले, बाकीच्यांसाठी दार मिटले.

मावसभावाने मुदतीत, म्हणजे ३० जून २०२१ पर्यंत, अर्ज केला असेल आणि पाच वर्षे सलग राहिल्याचे दाखवले असेल, तर त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायचा हक्क, मिळाले असणार. ते पक्के आहे; सलग पाच वर्षे ब्रिटनबाहेर राहिला तरच जाईल. पण ते त्याचे आहे. मावसभाऊ हे नाते त्या कायद्यात कुठेच बसत नाही. त्याची बायको, मुले, आईवडील बसतात, तेही नाते ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचे असेल तर. नंतर जन्मलेल्या मुलांपुरता अपवाद आहे. ‘भाऊ तिथे आहे, तो बोलावून घेईल’ असे कोणी सांगितले तर त्याच्याकडे लेखी मागा.

माझी आजी बांद्याची, दिली पेडण्याला. बांदा ते पत्रादेवी ही चालत जायची वाट. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यानंतर सीमा बंद झाली आणि आजीला माहेर तुटले. तिचे वडील गेले ते तिला महिन्याभराने कळले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि तीच वाट इतकी मोकळी झाली की आज पत्रादेवीच्या नाक्यावर गाडीतले कोणी मान वर करूनही बघत नाही. हे सांगतो, कारण स्विंडनच्या बाबतीत उलटे घडलेले लोकांना पटत नाही. ‘काल चालत होते, आज कसे बंद होईल?’ होते. आमच्या घरात दोन्ही पाहिले आहे.

आता तुमच्या हक्काकडे येतो, कारण तो खरा आहे. मुक्तीनंतर २८ मार्च १९६२ ला भारत सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये झाला, तो त्या दिवसापासून भारतीय झाला. दुसरे नागरिकत्व ठेवायचे असेल तर महिन्याभरात लिहून द्यायचे होते. फार थोड्यांनी दिले. पण पोर्तुगालने गोवा गेला हे मान्यच केले नव्हते. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, तेव्हा कुठे लिस्बनने भारताचे सार्वभौमत्व मानले. त्यानंतरच्या पोर्तुगीज कायद्यांनीही मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्या माणसाचे पोर्तुगीजपण पुसले नाही. म्हणून तुमचे आजोबा भारताच्या दृष्टीने भारतीय होते आणि पोर्तुगालच्या दृष्टीने पोर्तुगीज.

त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायची, मग बाबांची, मग तुमची. साखळी सहसा अशी चालते. नातवाने थेट मागायची वेगळी वाट आहे, पण तिला पोर्तुगीज भाषा यावी लागते. इथेच एजंट गप्प बसतो. साखळीच्या वाटेने तुमच्या आधी बाबांना पोर्तुगीज व्हावे लागेल. आजोबा हयात नसले तरी त्यांचा जन्म चढवता येतो. बाबांचे तसे नाही. त्यांनी स्वतः सही करून ‘मला पोर्तुगीज नागरिकत्व हवे’ असे म्हणायचे आहे. तुम्ही लिहिता की बाबांच्या नावावर कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आणि शेत आहे, ते दर निवडणुकीला मत देतात, आणि ‘मुलासाठी करतो’ म्हणून तयार आहेत. त्यांना नेमके काय करतो आहोत हे कोणी समजावले आहे का? माझ्या अनुभवात नव्वद टक्के घरांत समजावलेले नसते. वडील एजंटच्या टेबलावर जाऊन पोर्तुगीज भाषेतल्या कागदावर सही करून येतात, आणि पुढे पंचायतीला उभे राहायचे म्हटले की प्रकरण कोर्टात जाते. गोव्यात निवडून आलेल्या आमदारांवरही या मुद्द्यावर खटले झाले आहेत.

भारतीय कायदा काय म्हणतो ते आता नीट वाचा. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व तिथेच संपते. कोणी आदेश काढावा लागत नाही. नियमांत असेही आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला हाच स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच वैध ठरवला. म्हणजे पासपोर्ट काढल्यावर वाद उरत नाही. वाद आहे तो त्या आधीच्या पायरीवर, नुसत्या जन्मनोंदीवर. काही वकील सांगतात की नोंद म्हणजे नागरिकत्व नव्हे. आजोबांच्या बाबतीत ते बोलणे पटण्यासारखे आहे, कारण ते जन्मानेच पोर्तुगीज होते. पण १९६४ च्या बाबांनी आणि १९९८ च्या तुम्ही मागून घेतलेली नोंद ही मागून घेतलेलीच आहे. असा वाद निघाला तर निर्णय केंद्र सरकार करते. माझ्या अशिलांना मी एकच सांगतो: लिस्बनला नोंद पडली त्या दिवशी आपले भारतीय नागरिकत्व गेले असे धरून चाला, आणि तसे चालायची तयारी असेल तरच सही करा.

‘दोन्ही ठेवता येतात, कोणाला कळते?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग येतो. २०२३ मध्ये माझ्याकडे बार्देशच्याच एक बाई आल्या. २०१६ मध्ये त्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला होता. भारतीय पासपोर्ट त्यांनी परत केला नाही. एजंट म्हणाला म्हणून २०१९ मध्ये त्याचे नूतनीकरणही करून घेतले. अर्जात ‘दुसरे नागरिकत्व घेतले आहे का’ या प्रश्नापुढे त्यांच्या वतीने ‘नाही’ लिहिलेले. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा ठरवला. त्याला भारतीय पासपोर्ट समर्पित केल्याचा दाखला लागतो. तो मिळेना, कारण २०२२ च्या अखेरीपासून अशा प्रकरणांत माहिती लपवली म्हणून पासपोर्ट थेट रद्द करायचे धोरण लागू झाले होते, आणि रद्द केल्याच्या कागदावर ओसीआय मिळत नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने तो कागद चालेल असे केले, तेव्हा त्यांची वाट मोकळी झाली. तोवर आई गेली होती. खोटे सांगून काढलेल्या पासपोर्टवर तुरुंगवासाची तरतूद आहे, ती वेगळीच.

करायचेच असेल तर क्रम असा ठेवा. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास करायचा नाही, तो लगेच पासपोर्ट कार्यालयात परत करून दाखला घ्यायचा, मतदार यादीतले नाव काढायचे, परदेशी नागरिक म्हणून देशाबाहेर जायची परवानगी घ्यायची आणि ओसीआयला अर्ज करायचा. ओसीआयवर जन्मभर येता येते, राहता येते, घर विकत घेता येते. मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. बाबांच्या नावावर आज जी जमीन आहे ती जात नाही, आणि वारसाने तुमच्याकडे येणारीही तुम्ही घेऊ शकता. पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर तो तुम्हाला घेता येणार नाही. डिचोलीत ज्याचे कुळागर आहे त्याला ‘शेजारचा तुकडा’ म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आता कागद. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली आजोबांची नोंद मी मोठी करून पाहिली. शंकर हे नाव पोर्तुगीज कारकुनाने एक्स अक्षराने सुरू केले आहे, कारण त्यांच्या भाषेत ‘श’ असाच लिहितात. शेवटी ‘आ’ लावला आहे. आडनाव नाईक, त्यातला ‘क’ क्यूने लिहिलेला. मृत्यूच्या दाखल्यात तेच नाव इंग्रजी पद्धतीने एस-एचने आहे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत वडिलांचे नाव ‘शंकर’, पण आडनावाच्या जागी गावाचे नाव. आजीचे नाव तर लग्नाआधीचे आणि नंतरचे पूर्ण वेगळे, हिंदू घरांत असते तसे. लिस्बनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला हे चार वेगळे लोक दिसतात. खोटे दाखले देऊन नोंदी झाल्याची प्रकरणे उघडकीस आल्यापासून तिथली तपासणी कडक झाली आहे, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा प्रत्येक फरकाचा खुलासा कागदाने करावा लागतो: सबरजिस्ट्रारकडची नोंदीची पूर्ण नक्कल, पणजीच्या पुराभिलेखातून जुन्या नोंदी, गरज पडल्यास ‘हा आणि तो एकच इसम’ असा कोर्टाचा निवाडा. जुनी पोर्तुगीज नोंद असेल तर तिचे भाषांतर लागत नाही, एवढी एक सोय. कागदांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणूनचा सरकारी शिक्का, लागतो. मग लिस्बनमध्ये रांग. माझ्याकडच्या सरळ प्रकरणांनाही आजोबा-बाप-मुलगा अशी साखळी पूर्ण व्हायला दोन ते चार वर्षे लागली आहेत. ‘सहा महिन्यांत’ म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा तुमच्या नोंदीत फेरफार करणार आहे. दुसरे असेल तर पुढे नागरिकत्व रद्द होईल ते तुमचे. पोर्तुगालमध्ये २०२५ मध्ये हा कायदा कडक करण्याच्या हालचालीही सुरू झाल्या, तेव्हा अर्जाच्या दिवशी काय लागू आहे ते पुन्हा तपासावेच लागेल.

एवढे करून काय मिळते? इंग्लंड सोडून बरेच काही. युनियनमधल्या २७ देशांपैकी कुठेही पहिले तीन महिने नुसत्या ओळखपत्रावर राहता येते. त्यापुढे नोकरी हवी, धंदा हवा, शिक्षण हवे, किंवा स्वतःचा खर्च आणि आरोग्यविमा भागेल एवढा पैसा हवा. नोकरी शोधणाऱ्याला थोडी जास्त मुदत मिळते. सलग पाच वर्षे कायदेशीर राहिलात की कायम राहण्याचा हक्क. लोकांचा समज असतो की उतरल्या दिवसापासून घरभत्ता, बेकारभत्ता चालू होतो. पहिल्या तीन महिन्यांत यजमान देशाला असली मदत द्यायचे बंधन नाही, आणि नंतरही ती काम केल्यावर, वर्गणी भरल्यावर उभी राहते. एका देशात भरलेली वर्षे दुसऱ्या देशात पेन्शनच्या पात्रतेसाठी मोजली जातात. म्हणून प्रत्येक पगारपावती आणि प्रत्येक भाडेकरार जपून ठेवायचा. ब्रिटनने सेटल्ड स्टेटससाठी पुरावे मागितले तेव्हा हातावर रोख पगार घेणारे सगळ्यात जास्त अडकले होते.

शेंगेन आणि युनियन यांची गल्लत करू नका. शेंगेन म्हणजे सीमेवर तपासणी नसलेला २९ देशांचा पट्टा. त्यात स्वित्झर्लंड आणि नॉर्वे आहेत, जे युनियनमध्ये नाहीत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्याची मोकळी ये-जा ब्रिटनशी आहे, आणि त्यातले राहण्या-कामाचे हक्क फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहेत. याचा फटका माझ्या एका अशिलाला बसला. पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंडच्या डंडॉकमध्ये नोकरी, सगळे व्यवस्थित. घरभाडे परवडेना म्हणून २०२२ मध्ये त्याने थोड्या अंतरावरच्या न्यूरीत खोली घेतली. रस्त्यावर नाका नाही, शिपाई नाही, पाटीवरचे मैल-किलोमीटर तेवढे बदलतात. पण न्यूरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये. त्याला तिथे राहायचा हक्कच नव्हता. बँकेने पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा त्याच्या लक्षात आले. तो निमूटपणे परत डंडॉकला आला, पण त्याच्या सलग वास्तव्यात सात महिन्यांचे भोक पडले.

तरीही तुमच्यासाठी मी आयर्लंडच सुचवेन. भाषा इंग्रजी. कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांचे मोठमोठे कारखाने आहेत, आणि तुमचा वेर्ण्याचा अनुभव औषध कारखान्यातलाच आहे. तिथे घर मिळणे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे, हे आधीच सांगतो. जर्मनीत फिटरला मागणी आहे, पण जर्मन येत नसेल तर गोदामातच दिवस जातील. पोर्तुगालचे हवामान आणि माणसे आपल्याला मानवतात. मात्र २०२५ मध्ये तिथला किमान पगार महिन्याला ८७० युरो होता, वर्षात १४ हप्ते, आणि लिस्बनचे भाडे त्यातले बहुतेक खाऊन टाकते.

बायकोचे: ती भारतीयच राहिली तरी युनियनच्या नागरिकाची पत्नी म्हणून तुम्ही काम करता त्या देशात तिला राहायचा आणि काम करायचा हक्क आहे. आयर्लंडला यायला तिला व्हिसा लागेल, तो विनाशुल्क असतो. नंतर साधारण पाच वर्षांचे कार्ड मिळते. पण लग्न कागदावर हवे. सावंतवाडीला देवळात लागलेले लग्न अजून कुठेच नोंदवलेले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ते आधी नोंदवा, आणि लिस्बनच्या अर्जात स्वतःला अविवाहित लिहू नका. ‘नंतर दुरुस्त करू’ म्हणून अविवाहित लिहिलेली तीन जोडपी आज माझ्याकडे आहेत, तिघांच्याही बायका इथेच अडकल्या आहेत.

माझे मत विचारलेत म्हणून: इंग्लंडसाठी करत असाल तर करू नका. आयर्लंडला किंवा दुसरीकडे दहा-पंधरा वर्षे काढायची तुमची खरोखर तयारी असेल, तर हक्क तुमचा आहे आणि तो वापरण्यात कोणाचाही द्रोह नाही. आखातात गेलात तर परत येताना भारतीय म्हणूनच येता. इथे तसे नाही, आणि हा फरक बाबांच्या बाबतीत जास्त बोचेल, कारण त्यांना कुठेच जायचे नाही. ते डिचोलीतच राहतील, स्वतःच्या कुळागरात, परदेशी नागरिक म्हणून.

एजंटला अजून पैसे दिले नसतील तर थांबा. लग्नाची नोंद आणि आजोबांच्या नोंदीची पूर्ण नक्कल, ही दोन कामे या महिन्यात करा. दोन्ही कशीही लागणारच आहेत. मग म्हापशाला या. बाबांना बरोबर घेऊन या, मला आधी त्यांच्याशी बोलायचे आहे.